सा हलतोय

बाबांना कानाचं मशीन आणलं ते त्यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला गुणाची लेक वगैरे समजायला नको.

आई गेल्यावर बाबा जासईहून माझ्याकडे पनवेलला आले तेव्हाच त्यांचे कान कामातून गेले होते. "चहा घेणार का" एवढं विचारायलाही मला बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे. आमच्याकडे आज काय शिजतंय आणि माझं नवऱ्याशी कशावरून बिनसलंय, हे अख्ख्या विंगला कळे. एकदा लिफ्टमध्ये खालच्या काकू गोड हसून म्हणाल्या, "आज वालाचं बिरडं वाटतं?" त्या दिवशी मी ठरवलं, आता मशीन आणायचंच.

त्यात भर म्हणजे रेकॉर्डी. बाबांनी आधी मिठागरात आणि मिठागर गेल्यावर कंटेनरच्या यार्डात मुकादमकी केली, पण गावच्या जत्रेत संगीत नाटक बसलं की त्यात ते गायचे. शिकले होते रेकॉर्डी ऐकून. पदं नाटकातली, पण नाटकवाल्यांनी गायलेली नव्हेत, मोठमोठ्या ख्याल गाणाऱ्यांनी गायलेली. यावर त्यांचं मत पक्कं होतं. नट गातो तेव्हा त्याचं निम्मं लक्ष पुढच्या वाक्याकडे असतं आणि निम्मं चिकटवलेल्या मिशीकडे. "ख्यालवाल्याला रेकॉर्डीत तीन मिनिटं मिळतात," ते म्हणत. "तेवढ्यात त्याला आख्खा राग दाखवायचा हाय. तरी घाई करतो का? नाय करत. घाई करतो तो कच्चा."

त्यांच्या लाडक्या एका रेकॉर्डीत गाणारा शेवटच्या ओळीला वरच्या सा वर जातो आणि तिथे उभाच राहतो. तान नाही, मुरकी नाही, नुसता सा. त्या जागी बाबा डोळे मिटून उजवा हात वर उचलत, आणि गाणाऱ्याचा श्वास संपेपर्यंत तो हात हवेतच असे. लहानपणी आम्ही भावंडं त्या सा बरोबर श्वास धरायचो. कुणालाच पुरला नाही कधी.

जत्रेतल्या मांडवात वन्स मोर दोन तऱ्हेचा असायचा, हेही बाबांकडूनच ऐकलेलं. एक खुशीचा. दुसरा शिक्षेचा, म्हणजे गड्यानं पद घाईत उरकलं की मंडळी मुद्दाम वन्स मोर मागत आणि नीट म्हणेपर्यंत त्याला सोडत नसत. बाबा घरी रेकॉर्डींनाही वन्स मोर देत. सुई उचलायची, मागे ठेवायची. आवाज पूर्ण चढवलेला आणि कान स्पीकरला लावलेला. खालच्या काकूंना बिरड्याबरोबर हेही मिळे.

मशीनच्या दुकानातली मुलगी चांगली होती. तिनं सगळं नीट विचारलं. आजोबांचा दिवस कसा जातो, फोनवर बोलतात का, गाणंबिणं ऐकतात का. प्रश्न बाबांसाठी होते, पण बाबांना ते ऐकूच गेले नाहीत, म्हणून उत्तरं मी दिली. "बातम्या बघतात," मी म्हटलं, "बाकी काही नाही." खोटं बोलायचं म्हणून नाही म्हटलं. गाण्याचा विषय निघाला की बाबा आवरत नाहीत, आणि माझी गाडी रस्त्यात वेडीवाकडी लावलेली होती. एवढंच कारण. याहून मोठं कारण असतं तर बरं झालं असतं.

घर एकदम शांत झालं. मी पहिल्यांदा बाबांशी साध्या आवाजात बोलले तेव्हा ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "तुझा आवाज आईसारखा हाय की." मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. मग मी रेकॉर्डींचा आवाज कमी केला, बटणावर नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि बजावलं, याच्यापुढे न्यायचं नाही. आणि मशीन दिवसभर काढायचं नाही, नाहीतर कानाला सवय लागत नाही. हे दुसरं मात्र दुकानातल्या मुलीनंच सांगितलं होतं.

थोड्याच दिवसांत बाबा म्हणाले, "बाय, सा हलतोय."

मला वाटलं काहीतरी बोलायचं म्हणून बोलतायत. त्यांनी सुई पुसली, मग मी नवी सुई मागवली. तरी सा हलतच होता. सरळ सूर आला की थरथरतो, मध्येच बुडतो, असं ते म्हणायचे. दुसरी रेकॉर्ड लावली, तिसरी लावली, सगळ्यांचं तेच. आणि मी काय पाहत होते? त्यांचा हात. वरच्या सा ला हात उचलला जाई आणि लगेच खाली येई, गाणारा अजून तिथेच उभा असताना. मला तर तो सूर सरळ ऐकू येत होता. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे एकदा नाही, कितीतरी वेळा पाहिलं.

आणि मी म्हटलं, "बाबा, रेकॉर्डी जुन्या झाल्या हो. खिडकीतल्या उन्हानं वाकल्या असतील."

आता त्या खिडकीचं सांगते. रेकॉर्डींचं कपाट हॉलच्या खिडकीपाशी होतं, आणि त्या कोपऱ्यात मला झोपाळा टांगायचा होता. लग्न झाल्यापासूनची हौस. कपाट होतं म्हणून जमत नव्हतं. मी मनात काही कट केला नव्हता. पण सूर सरळ आहे हे मला कळत होतं, आणि मी ते बोलले नाही, कारण बोलले असते तर कपाट तिथेच राहिलं असतं.

बाबांनी माझं ऐकलं. माझ्यावर त्यांचा विश्वास, आणि आता माझं बोलणं त्यांना ऐकूही येत होतं. भंगारवाल्याला द्यायचं नाव काढलं तर ते भडकले. "मूर्ती भंगली तर भंगारात देतो का आपन? पान्यात देतो." माझ्या नवऱ्यानं हसू दाबलं. मला हसू आलं नाही. सुटल्यासारखं वाटलं.

त्यांचं आजोळ आपट्याचं. पळस्प्याहून गोव्याच्या रस्त्याला लागून आम्ही एका सकाळी आपट्याला गेलो, मागच्या सीटवर रेकॉर्डींची खोकी. पाताळगंगेच्या काठावर बाबांनी एकेक रेकॉर्ड कव्हरातून काढली, हळदकुंकू लावलं आणि पाण्यात सोडली. तिरकी होत ती आत जाई. लाडकी रेकॉर्ड त्यांनी शेवटाला ठेवली होती. ती सोडताना त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "लई गायलात. आता आराम करा." मी काठावर उभी राहून इकडेतिकडे बघत होते, कुणी मोबाईलवर आमचं शूटिंग तर करत नाही ना. आणि झोपाळ्याच्या कड्या पितळी घ्याव्यात की स्टीलच्या, हाही विचार डोक्यात होता. पितळी घेतल्या. फार छान दिसतो झोपाळा.

त्यानंतर बाबा गप्प झाले. रागानं नव्हे. बातम्या बघत, जेवत, झोपाळ्यावर बसून खालचा रस्ता बघत. मी दुकानात सांगितलं होतं ना, बातम्या बघतात, बाकी काही नाही? तसंच झालं, अगदी माझ्या शब्दाबरहुकूम.

परवा मशीन तपासायला परत त्याच दुकानात गेलो. मुलीनं मशीन काढून टेबलावर उघडलं. बाबा शेजारी बसले होते, काही ऐकू येत नसल्यामुळे आपण केवढ्यानं गुणगुणतोय याचा त्यांना पत्ता नव्हता. तेच पद. मुलगी ऐकत राहिली. मग मला म्हणाली, "आजोबा गातात? मग त्यांना त्रास होत असेल. एका जागी धरलेला लांब सूर आला की मशीनला वाटतं आपल्यातलीच शिट्टी वाजतेय, आणि ते ती मोडायला जातं. गाण्यासाठी सेटिंग वेगळं असतं."

मी विचारलं, "म्हणजे सूर हलल्यासारखा येतो का?"

"हो, थरथरल्यासारखा," ती म्हणाली आणि दोन मिनिटांत सेटिंग करून दिलं. मी तिला पहिल्या वेळी काय सांगितलं होतं ते तिला आठवत नव्हतं. मला आठवत होतं. येताना गाडीत बाबांनी विचारलं, "काय म्हनली पोरगी?" मी म्हटलं, "सगळं ठीक आहे."

संध्याकाळी बाबा झोपाळ्यावर बसले असताना मी मोबाईलवर ते पद शोधलं. त्याच गळ्यातलं, तीच जुनी रेकॉर्ड, कुणीतरी हौसेनं टाकलेली. फोन स्टुलावर ठेवला आणि काही न बोलता लावलं. बाबांनी पाय टेकून झोपाळा थांबवला. शेवटची ओळ आली, सा लागला, हात वर गेला. आणि वरच राहिला. मी नकळत श्वास धरला होता. तो सुटला तरी हात वरच होता.

पद संपल्यावर ते म्हणाले, "कुनाची तरी हाय ना ही? जपली बघ त्यानं." मग झोपाळ्याच्या कडीवरून हात फिरवत म्हणाले, "आपल्याला नाय जपता आल्या. उन्हात ठेवल्या मी."

तेव्हा मला राहवलं नाही. मी एका दमात सांगून टाकलं, रेकॉर्डी चांगल्या होत्या, दोष मशीनमध्ये होता, दुकानात मीच चुकीचं सांगितलं.

"काय?" बाबांनी कानामागे हात धरला.

मी मोठ्यानं सांगितलं. परत "काय?" मग मी मशीन येण्यापूर्वीच्या आवाजात ओरडले, "बाबा, रेकॉर्डी चांगल्या होत्या! माझी चूक झाली!" खालच्या काकूंची खिडकी उघडल्याचा आवाज आला.

बाबांनी कानामागचा हात काढला. "आयकला मी पयल्यांदाच," ते म्हणाले. "पन घाईत उरकलास तू. म्हनून वन्स मोर."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ओठाच्या कोपऱ्यात थोडं हसूही होतं. एवढ्यावर मी सुटले असते. त्यांनी मला सोडलंच होतं. पण ते झोपाळ्यावर बसले होते आणि मी त्या पितळी कड्या बघत होते.

मी खाली त्यांच्या पायाशी बसले आणि अगदी हळू म्हटलं, "तुमचा हात लवकर खाली यायचा ते मी बघत होते, बाबा. सूर सरळ होता, मला ऐकू येत होता. मला इथे झोपाळा हवा होता."

बाबांनी मान वळवून खालच्या रस्त्याकडे पाहिलं. या वेळी त्यांनी वन्स मोर मागितला नाही.