पुजलेली चाकं

मी सोलापुरात विज्ञान शिकवायला लागलो, त्या वर्षीची गोष्ट. सत्तरचं दशक अर्ध्यावर आलं होतं. वेळापूरहून मामा जीप घेऊन आले. याच मामांनी मला घरी ठेवून शिकवलं. आमच्या घरात पहिली पदवी मला मिळाली ती त्यांच्यामुळे. लष्कराच्या लिलावातल्या त्या जुन्या जीपमधून ते वस्त्यांवरचं दूध शीतकेंद्राला पोचवत. पावसाळ्यात काळ्या रानात जीप रुतायची आणि दूध नासायचं. पुन्हा नासलं तर काम दुसऱ्याला देऊ, असं केंद्रानं बजावलं होतं. म्हणून मामांना रुंद चाकं हवी होती.

जुन्या सुट्या भागांच्या बाजारात एका चाचांकडे टायरसकट चार चाकं मिळाली. मी पाहिलं, बोल्टची भोकं जुळत होती आणि ब्रेकच्या ड्रमभोवती बोट फिरेल एवढी जागा राहत होती. मामांना तेवढं पुरलं. नवी वस्तू गाडीला लागण्याआधी पुजायची, हा मामींचा दंडक. मामांनी खिशातली पुडी काढून चारही चाकांना हळदकुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली, नारळ फोडला.

"कायकू घाई करते मामा," चाचा म्हणाले, "पहले बिठाके तो देखो."

पुढचं चाक बसवलं. सरळ होतं तोवर छान दिसलं. मी मामांना स्टेअरिंग पूर्ण वळवायला सांगून खाली वाकलो. चाकाची जास्तीची रुंदी आतल्या बाजूला जात होती. एका बाजूला वळवलं की टायर ब्रेकच्या रबरी नळीवर घासायचा, दुसऱ्या बाजूला वळवलं की स्टेअरिंगच्या दांड्याला टेकायचा.

"परत देऊ," मी म्हणालो.

"पुजल्याली चाकं? लक्ष्मीला दारातनं माघारी धाडायची व्हय?"

"नळी झिजून फाटली तर ब्रेक लागणार नाही, मामा."

"मी पुरं वळवनारच न्हाय की."

"आणि बांधाआडून बैल समोर आला तर?"

"मास्तर, गाडी तू चालवतोस का मी?"

तोवर मी मामांना कधी नाही म्हटलं नव्हतं. "तुम्ही चालवता, म्हणूनच सांगतो. ही चाकं लावून मी तुम्हाला जाऊ देणार नाही."

मामा चाकांपाशी उकिडवे बसले. मला सत्यनारायणाची पूजा आठवली. ती संपली की अक्षता वाहून कलश जागेवरून किंचित हलवतात, मग तो उचलायला हरकत नसते.

"उत्तरपूजा करू," मी म्हणालो.

"चाकाची?"

"पूजा चालते, तर उत्तरपूजा का नाही?"

"लई शिकलास," म्हणत मामा उठले. बसवलेलं चाक काढलं, शेजारच्या दुकानातून चिमूटभर तांदूळ आणले, कुंकू लावून वाहिले, हात जोडले आणि एकेक चाक पायानं नव्हे, हातानं जरासं सरकवलं.

"अब ले जाऊं?" चाचांनी गंभीरपणे विचारलं.

"न्या."

मग चाचांनी बेताच्या रुंदीची, पण खोल नक्षीच्या टायरची चाकं बाहेर काढली. आम्ही ती बसवली आणि नळीला, दांड्याला पानाचा ओला चुना फासला. वजनानं गाडी खाली बसते, म्हणून चाचांना आणि शेजारच्या दुकानदारांना मागं बसवलं. दोन्ही बाजूंना पूर्ण वळवलं. टायरला चुना लागला नाही.

"आता लावू कुंकू?" मामांनी विचारलं.

"लावा."

त्या पावसाळ्यात जीप अधूनमधून रुतलीच. मामा कॅन उतरवून, माणसं बोलावून ती ढकलून काढत. दूध मात्र नासायच्या आत पोचत राहिलं, आणि काम मामांकडेच राहिलं.