पहिल्या बेसजवळची जागा

बेसबॉलमध्ये पहिल्या बेसच्या पंचाला दोन गोष्टी एकदमच कळाव्या लागतात. धावणाऱ्याचा पाय बेसला कधी लागला आणि चेंडू फील्डरच्या ग्लव्हमध्ये कधी शिरला. दोन्हीकडे बघणं जमत नाही. म्हणून पाय डोळ्यांनी बघायचा आणि चेंडू कानांनी ऐकायचा. हे मला बाईंनी शिकवलं.

नववीत शाळा सुटली आणि मी गोंदियाकडून इथे आले, एका आयटी कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायला. विश्रांतवाडीत बाईंच्या वरच्या खोलीत राहायचे. त्या खेळाच्या निवृत्त शिक्षिका. रविवारी कंपन्यांच्या सामन्यांत पंच असायच्या. मला सोबत न्यायच्या आणि आपल्या खांद्यामागे उभं करायच्या. फटका बसला की झपझप रेषेच्या आत यायच्या, चेंडूच्या फेकीच्या रेषेला काटकोन धरून थांबायच्या. मी आपली बेसकडे पळायचे.

"अगं, तिथे लाडू वाटतायत का? जवळून नुसती धूळ दिसते. कोन धर, कोन!"

पुढे मलाही पंचाची टोपी मिळाली. इंजिनिअर मुलं माझा आऊटचा हात बघून मुकाट बाहेर जायची. गावी सांगितलं असतं तर कुणाला पटलं नसतं.

मग एका सकाळी बाई उठल्याच नाहीत.

त्यांच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यानंतरच्या रविवारी मी मैदानावर गेले. पहिलाच चेंडू जमिनीवरून शॉर्टस्टॉपकडे, दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फील्डरकडे गेला. मी आत धावले आणि थबकले. बाई तिथे उभ्या होत्या. पांढरी टोपी, डावा गुडघा नेहमीसारखा जरा सैल सोडलेला. त्यांना धक्का लागू नये म्हणून मी अलीकडेच थांबले. फील्डरची पाठ आडवी आली, पाय दिसलाच नाही. अंदाजाने म्हटलं, "सेफ!"

"ताई, नेटवर्क गेलं का?" बाकावरून कुणीतरी ओरडलं.

पुढच्या वेळीही तेच. त्याच्या पुढच्याही.

मध्यंतरात सामने भरवणारे सेक्रेटरी सर आले. ते त्या दिवशी प्लेटमागचे, फटका मारणाऱ्याच्या पाठीमागे उभे राहणारे मुख्य पंच होते. मास्क काखेत धरून म्हणाले, "मॅडम, दर वेळी अलीकडे का थांबताय? तिथे कुणी उभं आहे का?"

"नाही सर."

"मग जा ना तिथे. आज असंच चाललं तर मला दुसरं कुणी बघावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका."

टोपी गेली तर मी पुन्हा फक्त पोळ्या लाटणारी. आणि बाईंनी दिलेलं सगळं माझ्याच हातून मातीत.

शेवटच्या डावात तिसऱ्या बेसकडून लांब फेक आली. मी धावले. बाई होत्याच.

"सरका ना बाई," मी म्हटलं, बहुतेक मोठ्यानेच.

त्या हलल्या नाहीत. मी त्यांच्यातच शिरले. अंगाला काही लागलं नाही. समोर अख्खा बेस मोकळा दिसला, वर हवेत बूट. धप्! चेंडू ग्लव्हमध्ये. मग पाय.

"आऊट!"

तो मुलगा तावातावाने वळला, माझ्याकडे बघितलं आणि हसला. "होतो, ताई. होतो आऊट."

जाताना सरांनी पुढच्या रविवारची वेळ सांगितली.

त्या रविवारी मी कुणी यायच्या आधीच मैदानावर गेले. त्या जागेच्या जरा मागे, खांद्यामागे उभं राहावं तशी, उभी राहिले. गवतावर ऊन होतं. मुलं आली, चेंडू फेकू लागली. तिथे कुणी नव्हतं.

मग सर हाक मारू लागले, "मॅडम, पुढे या."