चोरीस

गोव्याच्या डुकराच्या सॉसेजला तिकडे चोरीस म्हणतात. अमेरिकेत न्यू जर्सीच्या वेस्ट विंडसरला राहणाऱ्या गुरुनाथ प्रभूने ते पहिल्यांदा खाल्लं तेरा वर्षांचा असताना, म्हापशाला, थोरल्या बहिणीच्या हातचं. शोभनाने रोझारिओ नावाच्या ख्रिस्ती मास्तराशी लग्न केलं, तेव्हापासून सावंतवाडीच्या घरात तिचं नाव काढायला बंदी होती. गुरुनाथ क्रिकेटची मॅच आहे सांगून एसटीने तिच्याकडे जायचा.

"ताई, ह्याला चोरीस का म्हणतात?"

"चोरून खातोस ना, म्हणून!"

तो पोट धरून हसला. आणि ते खरंच मानून बसला.

वडील वारले तेव्हा शोभना आली. काकांनी तिला अंगणातच अडवलं. "गुरू, एकदा तोंड बघू दे रे," ती म्हणाली. गुरुनाथ तेव्हा तिशीतला, कमावता. तो खाली बघत राहिला. थोडा वेळ उभी राहून ती निघून गेली. पुढे तो अमेरिकेत आला. फोन करावा असं पुष्कळदा वाटलं, पण सुरुवात काय करायची हेच सुचेना. त्यातच चौदा वर्षं गेली.

यंदा मार्चमध्ये एका अनोळखी नंबरवरून फोन आला. "मामा, मी लिनेट, शोभनाची मुलगी. मम्मा आज सकाळी गेली. कॅन्सर होता."

त्याने लगेच तिकिटं बघायला घेतली. बायको, सुवर्णा, शेजारी येऊन बसली. "अरे, पासपोर्टवरचा व्हिसा एक्स्पायर झालाय. परत यायला नवीन स्टॅम्पिंग लागेल, त्याची डेट मिळेपर्यंत तिकडेच अडकशील. जॉब जाईल." खरंच होतं ते. बहिणीला माती दिली, ती त्याने फोनवर पाहिली. मध्येच चित्र अडकलं, ते पुन्हा हललं तेव्हा लोक परतत होते.

शनिवारी तो ड्राइव्ह करून नेवार्कच्या पोर्तुगीज वस्तीत गेला. दुकानात तसलीच लाल सॉसेजेस टांगली होती. "शोरीसू," दुकानदारीण म्हणाली. त्याने अर्थ विचारला. तिने खांदे उडवले. शब्द फार जुना, कुठून आला ते शिकलेल्यांनाही नक्की ठाऊक नाही म्हणाली.

गाडीत बसून त्याने लिनेटला फोन केला. "म्हणजे चोरीस हे नाव चोरीवरून नाही?"

"नाही हो मामा, पोर्तुगीज शब्द तो. मम्माला माहीत होतं. ती सांगायची, तुम्ही जेवताना सारखे दाराकडे बघायचात, घास उतरायचा नाही. तुम्ही हसावं म्हणून तिने तो अर्थ रचला."

गुरुनाथने फोन ठेवला. पार्किंगमध्येच तो स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला.

घरी येऊन त्याने सावंतवाडीला आईला फोन लावला. ती ब्याऐंशीची.

"आई, ताई गेली."

"कळलं. बाजारात कुणीतरी बोललं."

"तू गेली नाहीस?"

"मला कोण नेणार?" मग तिने विचारलं, "तिला मुलं किती रे?"

"एकच मुलगी. लिनेट."

"काय?"

"लिनेट."

आईने ते नाव दोनदा म्हणून पाहिलं. जिभेवर नीट बसेना.

"लहान आहे?"

"नाही आई. सत्तावीस वर्षांची आहे."