ब्लीचवर चित्रकलेचा उतारा

माझ्या आत्याला घाणीची किळस कधी आली नाही. येऊन चाललंही नसतं. इस्पितळाच्या लाँड्रीत ती बावीस वर्षं मळक्या चादरी निवडायच्या टेबलावर उभी होती. रक्ताच्या एकीकडे, उलटीच्या दुसरीकडे. अधूनमधून घडीतून कुणाची कवळी निघायची, तर कधी सुई. "माणसाच्या पोटातलंच आहे, बाहेर येणारच," असं म्हणून ती कोपरापर्यंत हात घासायची आणि खुशाल जेवणाचा डबा उघडायची. तिला किळस आली ती माणसांची. तीही चोपन्नाव्या वर्षी.

त्या वर्षी तिची छाती घरघरायला लागली. चार पायऱ्या चढली की धाप. हातांना तर इतक्या चिरा पडल्या होत्या की मीठ चिमटीत धरताना डोळ्यांत पाणी यायचं. शेवटी ती इस्पितळातल्याच एका तरुण डॉक्टरांकडे गेली. छातीचा फोटो काढला, रक्त तपासलं. कशातच काही निघालं नाही.

"मावशी, मनावर ताण दिसतोय," डॉक्टर संगणकाकडे बघत म्हणाले आणि त्यांनी कागदावर लिहून दिलं: चित्रकला, दर बुधवारी दोन तास, बारा आठवडे.

"का, औषधं संपली?" आत्याने विचारलं.

"हेही औषधच आहे. रंगांत रमलात की श्वास मोकळा होईल. नवीन योजना आहे आपली. तुम्ही इथेच नोकरीला ना?"

"हो, खाली..."

तोवर त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली होती.

वर्ग दुसऱ्या मजल्यावर, जुन्या केसपेपरांच्या खोलीत भरायचा. कपाटं भिंतीला सरकवून मधे टेबलं मांडली होती आणि फिनेलच्या वासावर कसलासा गुलाबी सुगंध फवारलेला होता. आत्या म्हणायची, नुसतं फिनेल परवडलं असतं. शिकवणाऱ्या बाई गोड बोलायच्या. कुणी काहीही काढलं तरी मान तिरकी करून, हात छातीवर ठेवून म्हणायच्या, "सुंदर!" दुसऱ्याच बुधवारी आत्याने त्यांचं नाव सुंदरबाई ठेवलं.

तिसऱ्या बुधवारी आत्याने मुद्दाम कागदावर ब्रशचं घाण पाणी ओतलं आणि फडक्याने फासलं.

"सुंदर! किती मोकळ्या झालात!" सुंदरबाई म्हणाल्या.

"अंगावर काटा आला गं मला," आत्या घरी येऊन सांगत होती. "उलटीच्या चादरीला सुंदर म्हणणारी बाई ती. तिच्या तोंडाला चव तरी असेल का?"

तिच्या शेजारी एक निवृत्त बस ड्रायव्हर बसायचे. अर्धांगवायूने उजवा हात गेलेला, म्हणून डाव्या हाताने ते सारख्या बसच काढायचे. त्यांनी आत्याने काढलेल्या फुलदाणीकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "अहो बाई, हे सडकं वांगं आहे का?" आत्या खोकेपर्यंत हसली. त्या खोलीत पहिल्यांदाच कुणी तिच्याशी खरं बोललं होतं.

सातव्या बुधवारी तिने डाग काढले. आयोडीनचा पिवळट तपकिरी, जखमेवरच्या औषधाचा जांभळा, पित्ताचा हिरवा, ताज्या रक्ताचा लाल आणि दोन दिवसांनी त्याच रक्ताचा होणारा चॉकलेटी. एकेक रंग तिने असा घोटून जमवला की ड्रायव्हरांनी खुर्ची मागे सरकवली. डागांच्या मागे तिने लाँड्री काढली: खिळे ठोकलेली खिडकी, ब्लीचचे निळे कॅन आणि त्यातून ब्लीच ओतणारा उघडा हात.

सुंदरबाईंची मान सरळ झाली. "आपण... जरा प्रसन्न काहीतरी काढूया का?"

ते चित्र त्यांनी कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

बारा आठवड्यांनी त्याच खोलीत प्रदर्शन भरलं. मीही गेले होते. दाराशीच मोठा फलक होता: 'कलेने बरे केलेले हात'. खाली आत्याच्या हातांचा फोटो. तिला न विचारता सुंदरबाईंनी मोबाइलवर काढलेला. हात गुळगुळीत होते. बोटाच्या पेरावरची अंगठीजवळची खूण नसती तर मलाही ओळखू आले नसते.

आत्या फलकासमोर उभी राहिली. स्वतःचे हात वर धरून तिने फोटोशी ताडून बघितले.

"माझ्या चिरा कुणी पुसल्या?"

"अहो, छापताना थोडं स्वच्छ करतात," सुंदरबाई म्हणाल्या. "छानच दिसतंय की!"

आत्याचा चेहरा असा झाला की ती तिथेच ओकते की काय असं मला वाटलं. तिने फलक खिळ्यावरून उतरवला, कपाटामागचं चित्र ओढून काढलं आणि त्या जागी लावलं. मग पाहुणे आले तसे ती एकेक डाग बोट ठेवून समजावत गेली. हा कुठल्या वॉर्डातला, हा किती दिवसांचा. एक बाई नाकाला रुमाल लावून निघून गेल्या. रंगाला वास नव्हता, तरी.

ते तरुण डॉक्टरही आले.

"ही खिडकी बंद का?" त्यांनी विचारलं.

"धुळीने चादरी मळतात म्हणून खिळे ठोकलेत."

"ब्लीच हाताने ओतता? हातमोजे?"

"सहा वर्षांपूर्वी मागितले होते."

डॉक्टर लाल झाले. सॉरी मावशी, सॉरी मावशी, असं पुटपुटायला लागले. आत्या नंतर म्हणाली, "त्याचं ते रडवेलं तोंड बघून मला जास्तच मळमळलं. आता मी याचं सांत्वन करायचं होय?" पण त्यांनी नवा कागद काढून ब्लीच, खिडकी, हात हे सगळं लिहिलं आणि वरच्या साहेबांकडे स्वतः घेऊन गेले, एवढं तिने कबूल केलं.

खिडकीत पंखा बसायला चार महिने लागले. हातमोजे आले ते पैलवानाच्या मापाचे. तिला घड्या घालायच्या खोलीत हलवलं. छातीची घरघर गेली. हात मात्र अजून तसेच आहेत.

योजनेच्या पुस्तिकेत छापून आलं की चित्रकलेने एका कर्मचारी महिलेचा दमा कमी झाला. आत्याने ते पान दोन बोटांच्या चिमटीत धरून माझ्याकडे दिलं, मेलेली पाल उचलावी तसं.

बारा आठवडे कधीच संपले, तरी बुधवारी ती जातेच. ड्रायव्हरांनी आता बसमधली माणसं काढायला घेतली आहेत आणि प्रत्येकाला सहा-सहा बोटं काढतात. "सुंदरबाई सांगणार आहे का त्यांना?" आत्या चप्पल शोधत म्हणते. "मलाच सांगायला पाहिजे."