गार्गीची खोली आणि तिसरा जॉर्ज

विश्वासदादा खांबेटे सिंगापुरात तोआ पायोहला दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि एका बँकेत आयटी मॅनेजर आहेत. पण त्यांचं खरं काम पाहुणे उतरवून घेणं. पुण्यात कुणी सिंगापूरचं तिकीट काढलं की व्हिसाच्या आधी दादांचा नंबर मिळवतो. दादांचं उत्तर ठरलेलं, "हॉटेल कशाला? आपलं घर आहे ना." मग शैलावहिनी गार्गीच्या खोलीतली चादर बदलतात.

इथे माझं डोकं फिरतं. औदार्य दादांचं, आणि खोली मुलीची. चौदा वर्षांची गार्गी दर वेळी दप्तर, पुस्तकं आणि उशी घेऊन हॉलमधल्या गादीवर येते, आणि तिच्या अभ्यासाच्या टेबलावर कुणाच्या तरी बीपीच्या गोळ्या आणि चिवड्याचे डबे मांडले जातात. यंदा सप्टेंबरपर्यंत सात कुटुंबं होऊन गेली.

त्यात तिला शाळेत प्रोजेक्ट मिळाला: अमेरिकेतल्या वसाहती इंग्रजांवर का चिडल्या. मुलगी त्या विषयात अशी रमली की वहिनींना काळजी वाटू लागली. चहावरचा कर तिला तितकासा झोंबला नाही. झोंबला तो १७६५ सालचा एक कायदा. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याच्या सैनिकांच्या राहण्याची सोय वसाहतींनी करायची, आणि हे ठरवताना त्यांना कुणी विचारलंही नाही.

नेमकं त्याच आठवड्यात दादांनी जाहीर केलं की मामेभाऊ निशिकांत सहकुटुंब आठ दिवस येतोय. ते आठ दिवस गार्गीच्या वार्षिक परीक्षेचे होते; इथे ती ऑक्टोबरात असते. वसाहतींनी राजाकडे अर्ज केले, तसा तिनेही दादांच्या नावे, माझी खोली मला न विचारता कुणाला देऊ नये, असा अर्ज लिहून फ्रिजवर लावला. वहिनींनी वाचून खाली सही केली. दादांनी वाचला नाही. मॅग्नेट एकच असल्यामुळे त्यांनी निशिकांतचा आठ दिवसांचा कार्यक्रम त्या अर्जावरच लावला.

मग बहिष्कार सुरू झाला. गार्गीने चहा करणं थांबवलं, आणि पाहुण्यांना एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, फिरवून आणणार नाही असं सांगितलं. ही दुसरी धमकी गंभीर होती, कारण दादा स्वतः अजून उलट्या दिशेची गाडी पकडतात.

रविवारी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा दादा तयारीत होते. त्यांनी तिचंच पुस्तक वाचून काढलं होतं.

"तुझा अभ्यास कच्चा आहे, गार्गी. त्या कायद्यात सैनिक बराकीत ठेवायचे, खाणावळीत ठेवायचे, नाहीतर रिकाम्या घरात. लोकांच्या राहत्या घरात नाही."

गार्गी तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, "म्हणजे किंग जॉर्जनेसुद्धा कुणाची बेडरूम घेतली नव्हती, पपा. यू आर वर्स लाह."

वहिनी हसल्या. मी त्यांच्याहून मोठ्याने हसलो. तेव्हा गार्गीने अर्जाचं दुसरं पान माझ्या हातात दिलं. तिच्या खोलीत आजवर राहिलेल्यांची यादी होती. पहिलं नाव माझं: उज्ज्वलकाका, चार दिवस सांगितले, तीन आठवडे राहिले. आठ वर्षांपूर्वी मी नोकरीसाठी इथे आलो तेव्हाची गोष्ट. सहा वर्षांची ही पोर त्या दिवसांत कुठे झोपते, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मला फार लाज वाटली.

मग दादांनी ती यादी वाचली. चष्मा पुसला आणि फोन उचलला.

"निशिकांत, माझ्याकडे या वेळी जमणार नाही रे. गार्गीची परीक्षा आहे."

हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. पलीकडून निशिकांतने हॉटेलचं नाव काढलं असावं, कारण दादा सवयीने म्हणाले, "छे, हॉटेल कशाला? जुरोंग ईस्टला आपल्या उज्ज्वलचं घर आहे ना."

मी गार्गीकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. मी मान डोलावली.

माझं घर एका बेडरूमचं. आज पाचवा दिवस. मी हॉलमध्ये गादीवर झोपतो, आणि निशिकांतरावांचं कुटुंब अडीच तास मागे असलेल्या पुण्याच्या घड्याळावर चालतं, त्यामुळे दिवे कधी मालवायचे हे माझ्या हातात नाही. काल गार्गीचा मेसेज आला. पेपर चांगला गेला म्हणाली. खाली लिहिलं होतं, "काका, उशीखाली जुना टॉवेल घाला, मग मान दुखत नाही. मी तुमच्या वेळेला शोधून काढलं होतं."