बीरगांवच्या पत्त्यावर

अर्ज तिसऱ्यांदा परत आला तेव्हा वनमालाबाई मशीनवर बसून साडीला पिको करत होत्या. देवश्री मोबाईल घेऊन दारात उभी राहिली.

"आई, फिर वापस कर दिया."

"आता काय म्हणते?"

"वही. दो हज़ार बारह से सोलह का प्रूफ नहीं है."

वनमालाबाईंनी मशीनचं चाक हातानं थांबवलं. साडी सदर बाजारातल्या दुकानाची होती आणि संध्याकाळपर्यंत पोचवायची होती.

देवश्रीचा रायपूरच्या नर्सिंग कॉलेजात नंबर लागला होता. छत्तीसगढ राज्यातल्या मुलींची फी सरकार भरणार होतं. अट एकच, मुलगी इथलीच असल्याचा निवासी दाखला. तो शुक्रवारी पाचच्या आत कॉलेजात पोचला नाही तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती, आणि आज सोमवार होता. फी आपण भरू असं घरात कुणी म्हणालं नाही. नवरा नरहरी सिलतऱ्याच्या कारखान्यात ठेकेदाराकडं वजनकाट्यावर होता. ज्या गोष्टीला उत्तर नाही ती या घरात कुणी बोलून दाखवत नसे.

देवश्रीचा जन्म आमगावचा, महाराष्ट्रातला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, त्यात विचारायचं काय? दर घरी तसंच होतं. त्यावेळी कुणाच्या मनात आलं असेल की अठरा वर्षांनी जन्माचा दाखला पाहून इथला बाबू भुवई उंचावेल! तरी तेवढ्यानं अडलं नसतं. आईवडील पंधरा वर्षं सलग इथं राहतात असं दाखवलं असतं तरी भागत होतं. पण मधल्या चार वर्षांत नरहरी या ठेकेदाराकडून त्या ठेकेदाराकडे जात होता, खोली भाड्याची होती, कागद एकही नव्हता. आणि नेमकी तीच चार वर्षं देवश्री आमगावच्या शाळेत होती. बाबूला वाटलं, सगळं कुटुंबच तिकडं निघून गेलं असणार.

आणि देवश्री तिकडं गेली होती ती वनमालाबाईंच्या हट्टामुळं.

वनमालाबाई आमगावच्या मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकल्या. अक्षर असं, की फळ्यावरचा सुविचार गुरुजी त्यांनाच लिहायला सांगत. लग्न होऊन बीरगांवात आल्या आणि पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, कानावर पडायची ती हिंदी, नाही तर छत्तीसगढी. नरहरीची मराठीही अर्धी हिंदीच. भाऊ कधीमधी चिवडा पाठवायचा तो मराठी वर्तमानपत्राच्या कागदात बांधून. चिवडा सासरचे खायचे आणि वनमालाबाई तेलकट कागद उन्हात सपाट करून वाचायच्या. बाजारभाव, निधनवार्ता, काहीही.

मुलगी बोलू लागली ती "आई, भूख लगी" असंच. सहा वर्षांची झाली तेव्हा वनमालाबाईंनी ठरवलं, हिला आमगावला आईकडं ठेवायची. चौथीपर्यंत.

नरहरी चिडला होता. "अवं, लोक पोट्ट्यायले गावातून शहरात आणतेत. तू काहून उलटी नेऊन राहिली?"

"लोकायचं लोकायपाशी. माह्या पोट्टीले पोथी वाचता आली पायजे."

"पोथी वाचाले तू आहेस ना!"

पण त्यांचंच खरं झालं. आमगावला जाताना त्यांनी पोस्टकार्डांचा गठ्ठा नेला आणि प्रत्येकावर आपल्या हातानं पत्ता लिहिला: सौ. वनमाला नरहरी भेंडारकर, तालाब पारा, बीरगांव, रायपूर. दर रविवारी पोरीनं एक पत्र लिहायचं, आजीनं पेटीत टाकायचं. पत्र आलं की वनमालाबाई लाल पेन घेऊन चुका काढायच्या, गुण द्यायच्या आणि सुट्टीत पोरीला दाखवायला पत्र्याच्या पेटीत ठेवायच्या.

चौथी झाली, मुलगी परत आली. त्या दिवसापासून ती घरात मराठीचा एक शब्द बोलली नाही. सगळं समजायचं, पोथी लावली की उशीला टेकून ऐकायची, पण उत्तर हिंदीत. शेजारणी हसायच्या, "क्या दीदी, चार साल पढ़ाके क्या मिला?" वनमालाबाईही हसून घ्यायच्या. मुलगी मराठी का बोलत नाही, हे त्यांनी तिला कधी विचारलं नाही. त्यांना ते ठाऊक होतं.

मंगळवारी तिघं चॉईस सेंटरला गेली. अर्ज भरणारा नीलेश मूळचा भंडाऱ्याकडचा. मराठी समजायची, पण तोही हिंदीतच बोलायचा. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि खुर्ची पुढं सरकवली.

"मावशी, एक रास्ता है. एक प्राइवेट स्कूल था, बंद हो गया. रजिस्टर अभी भी एक जन के पास है. पहली से चौथी यहीं पढ़ी, लिख के दे देगा."

नरहरीनं मान हलवली. "होऊन जाऊ दे. आपल्याले पोट्टीच्या कामाशी मतलब."

"अन् आमगावची टीसी फाडून खासान?" वनमालाबाई म्हणाल्या. "नाई. एक खोटं मी बोलून बसली आहो. त्याच्यावर दुसरं नाई झेपत."

"कोनतं खोटं?"

वनमालाबाईंनी मान वळवली. नीलेशलाच विचारलं, "दुसरं काई चालते का?"

"कुछ भी, मावशी. बीरगांव का पता, तारीख और सरकारी ठप्पा. हर साल का एक. बैंक, गैस, रजिस्ट्री, चिट्ठी..."

"चिठ्ठी चालते?"

नीलेश हसला. "ठप्पा दिखना चाहिए. बाबू मान गया तो मान गया."

दुपारी पेटी उघडली. दीडशेच्या वर पोस्टकार्डं होती. देवश्री खिडकीपाशी बसून एकेक कार्ड उजेडात धरू लागली. बीरगांवच्या डाकघराचा गोल शिक्का पाहायचा, तारीख वाचता आली तर कार्ड बाजूला ठेवायचं. पत्ता आईच्या अक्षरात, मागचा मजकूर तिच्या स्वतःच्या. मागची बाजू ती वाचत नव्हती. सरळ उलटून टाकत होती.

बाराचं सापडलं. चौदाची तीन, पंधराची दोन, सोळाचं एक. तेराचं एकही नाही. त्या वर्षी डाकघराच्या शाईत पाणीच फार असावं, नुसते निळे डाग उमटलेले.

"तेरह का नहीं है, आई. बाबू यही बोलेगा, एक साल कहाँ थे?"

"पाह्य नीट."

"देख लिया. दो बार."

वनमालाबाई उठल्या. तेराचं एक पत्र होतं, पेटीत नव्हतं. देवघरात गजानन महाराजांच्या फोटोखाली लाल कापड होतं आणि त्या कापडाखाली अकरा वर्षं ते पत्र होतं. दर गुरुवारी फोटो पुसताना बोटांना त्याची कड लागायची. त्या हात जोडायच्या आणि कापड सारखं करायच्या. ते नवऱ्याला दाखवलं नव्हतं, मुलीला दाखवलं नव्हतं. ज्या महाराजांना दाखवलं होतं त्यांनी काही विचारलं नव्हतं.

त्यांनी दिवा लावला. "महाराज, तुमच्यापाशी ठेवलं होतं. आता न्यावं लागते," असं मनात म्हणाल्या आणि फोटो उचलला. शिक्का पाहिला. काळा, गोल, ठसठशीत. जुलै दोन हजार तेरा.

पत्र त्यांनी फाईलमध्ये ठेवलं, पत्त्याची बाजू वर करून.

"मिल गया?" देवश्रीनं विचारलं. "कहाँ था?"

"होतं."

बुधवारी तहसीलच्या खिडकीपाशी रांग होती. बाबूनं फाईल उघडली आणि हसायलाच लागला. "पोस्टकार्ड! बहनजी, म्यूज़ियम खोलना है क्या?"

मागचे चारजण हसले. वनमालाबाई म्हणाल्या, "ठप्पा देखिए, भैया. सरकारी है."

तो एकेक कार्ड पाहू लागला. बारा. मग तेरा. शिक्क्यावर नख फिरवलं, तारीख नीट वाचली, मान हलवली. आणि नुसत्या गमतीनं कार्ड उलटलं. मराठी त्याला येत नव्हती, पण लिपी तर तीच. तो अडखळत मोठ्यानं वाचू लागला, आधी हसत:

"आई, मले इथं झोप येत नाही. आजी चांगली आहे. मामी चांगली आहे. तू मले काहून धाडलं? मी काय केलं होतं? बाबाले सांग मले घ्याले ये. मी मराठी तिथंच शिकन."

शेवटच्या ओळीला येईस्तोवर त्याचं हसू गेलं होतं. तेवढी मराठी कुणालाही समजते. ठिकठिकाणी लाल पेनानं शब्द खोडून वर शुद्ध करून लिहिलेले होते आणि तळाशी होतं, दहापैकी सात, अक्षर सुधार.

"ये लाल पेन किसका है?" बाबूनं विचारलं.

"माझं," वनमालाबाई म्हणाल्या. मग त्याला समजावं म्हणून पुन्हा म्हणाल्या, "मेरा."

नरहरी बाजूलाच उभा होता. तो हळूच म्हणाला, "तू तं मले सांगितलं होतं, पोट्टी रमली म्हनून."

"हव. सांगितलं होतं."

"मी त्याच हप्त्यात गेलो असतो, वनमाला. सायकल विकून गेलो असतो."

"म्हनूनच नाई सांगितलं."

वाटलं होतं, सुट्टीहून नुकती परत गेलीय, चार दिवस रडेल आणि रुळेल. सगळी पोरं रुळतात. आणि आणली असती तर पाऱ्यातल्या बायका, सासू, हा नवरा, सगळे म्हणाले असते, आम्ही सांगत नव्हतो? ते ऐकायचं नव्हतं. एवढंच होतं. त्यात मराठीचं काहीच नव्हतं, हे त्यांना त्या खिडकीपाशी पहिल्यांदा कळलं. देवश्रीकडं पाहायची त्यांची छाती झाली नाही.

बाबू खाकरला. "ठप्पा साफ है," एवढंच म्हणून तो कार्डं घेऊन आत गेला. नायब तहसीलदार मॅडमनी शेरा मारला, पटवाऱ्यानं घरी जाऊन चौकशी करावी, मग दाखला द्यावा. कार्डं अस्सल लागतील, फाईलला जोडली जातील, परत मिळणार नाहीत.

"लगा दीजिए," वनमालाबाई म्हणाल्या.

"एक मिनट," देवश्री म्हणाली. "उसका ज़ेरॉक्स करा लूँ?" आणि उत्तराची वाट न पाहता तेराचं कार्ड उचलून ती समोरच्या दुकानात गेली.

नरहरीनं त्या रात्री ताट वाढून घेतलं ते मुलीच्या हातून.

गुरुवारी वनमालाबाईंचा उपास होता. पटवारी दुपारी आला, खोली पाहिली, मशीन पाहिली आणि शेजारच्या साहू काकीला ओट्यावरून हाक मारली. ही बाई कधीपासून इथं राहते?

काकी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अरे, बछर-बछर ले इहें हे साहब."

"बारह से सोलह?"

"हव. नोनी मामा घर रिहिस, त ये बाई रोज दुआरी म बइठ के डाकिया के रद्दा देखय. डाकिया नइ आवय त रोवय. मैं चाय देवंव, त नइ पियय."

पटवाऱ्यानं त्यातलं फक्त "हव" लिहून घेतलं. देवश्री आत दाराला टेकून उभी होती. तिनं ते सगळं ऐकलं: पोर मामाघरी असताना आई रोज दारात बसून पोस्टमनची वाट पाहायची, तो आला नाही की रडायची, दिलेला चहाही प्यायची नाही. वनमालाबाई मशीनपाशी खाली मान घालून बसल्या. काकीनं हे इतकी वर्षं मनात ठेवलं होतं, हेही त्यांना नव्यानंच कळत होतं.

शुक्रवारी अडीच वाजता नीलेशचा फोन आला. दाखला निघाला. देवश्रीनं प्रिंट घेतली, बस पकडली आणि पावणेपाचला कॉलेजातून फोन केला, "जमा हो गया. नाम चढ़ गया." नरहरी कामावरून येताना पेढे घेऊन आला. एक महाराजांपुढं ठेवला, एक मुलीला दिला. वनमालाबाईंच्या पुढ्यात पुडा सरकवला, पण हातात दिला नाही.

संध्याकाळी देवश्री कॉलेजची फाईल लावत बसली होती. झेरॉक्स वरच होतं. झेरॉक्समध्ये लाल आणि निळं एकसारखंच काळं आलं होतं. कुठलं लेकराचं आणि कुठलं आईचं, हे आता परक्याला सांगता आलं नसतं.

"आई, इसका जवाब तुमने कभी दिया नहीं."

वनमालाबाईंनी हातातली साडी बाजूला ठेवली. चिवड्याच्या कागदापासून सांगायला सुरुवात केली. लोक काय म्हणतील म्हणून गप्प बसल्या होत्या, पत्र महाराजांच्या फोटोखाली ठेवलं होतं, तेही सांगितलं, काही न झाकता. "तू काईच नव्हतं केलं," शेवटी म्हणाल्या. "तुह्यं काई नव्हतं त्याच्यात. माह्यंच होतं."

देवश्रीनं ऐकून घेतलं. झेरॉक्सची घडी घातली, निवासी दाखल्याच्या मागं ठेवली आणि फाईलची दोरी बांधली. मग उठून देवघरातला दिवा लावायला गेली. वात वर करताना तिनं महाराजांच्या फोटोखालचं कापड जरासं उचलून पाहिलं, खाली आता काही नव्हतं, आणि सारखं करून ठेवलं.