ब्राझीलची पोरं आणि दादाचा गुडघा

आमची पेठ ब्राझीलची, पलीकडची गल्ली अर्जेंटिनाची. फुटबॉलचा वर्ल्ड कप आला की दोन्हीकडून पताका आणि शिव्या. माझ्या थोरल्या भावानं, दादानं, तर आपल्या खोलीच्या भिंती पिवळ्याधमक रंगवल्या होत्या. आईनं बोंब मारली, पण ऐकतोय कोण! गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्याच भिंतींच्या मधे तो छताकडं बघत पडून राहिला.

पेठेच्या टीमकडून खेळताना गुडघा गेला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज वाकवा, दुखलं तरी वाकवा, नाहीतर पाय कायमचा ताठ राहील. व्यायाम करून घ्यायला फिजिओ यायचे आणि दादा त्यांना हाकलून द्यायचा. "मैदानात उतरणार न्हाय ना मी परत? मग वाकवून काय लोणचं घालू?" आईला त्याचं ओरडणं ऐकवायचं नाही. फिजिओ दारात दिसले की ती रिकामाच मिक्सर चालू करायची. दिवस हातातून चालले होते. मला रडू यायचं, त्याहून जास्त संताप यायचा, आणि करायचं काय ते कळायचं नाही.

शेवटी वाटलं, एवढा ब्राझीलवेडा आहे, तर त्याला ब्राझीलच वाचून दाखवू. मी कॉलेजात इंग्रजी शिकत होते. लायब्ररीतून तिकडच्या तीन कादंबऱ्या आणल्या, तिन्ही पोरांच्या लहानपणाच्या. वाचायच्या इंग्रजीत, सांगायच्या आपल्या भाषेत. अट एकच: आधी गुडघा वाकवायचा, मगच पान उलटायचं.

"ह्यात बॉल कुठं हाय?" पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं.

बॉल कुठंच नव्हता. होती ती उसाच्या फडात जुंपलेली पोरं, बापाच्या पट्ट्याचा मार खाणारी, पाऊस नाही म्हणून घर सोडून चालत निघालेली. त्यांना मोठं व्हायला सवडच मिळत नव्हती. सकाळी कुणीतरी काहीतरी हिसकावून घ्यायचं आणि संध्याकाळपर्यंत पोर मोठं झालेलं असायचं. मला वाटलं, झालं कल्याण, आता हा आणखीच खचणार. पण उसाचं नाव निघाल्यावर त्यानं मान वळवली.

"आपल्यासारखंच की गं," म्हणाला, आणि मांडीखाली हात घालून पाय जरासा ओढला. ओरडला. आत मिक्सर सुरू झाला. मी पान उलटलं.

असं करत तिन्ही कादंबऱ्या संपल्या. पाय जेमतेम अर्धा वाकत होता आणि लायब्ररीत चौथी नव्हती. दादा परत भिंतीकडं तोंड करून झोपला. ताट जसंच्या तसं परत जायला लागलं. मग मी संपलेलंच पुस्तक उघडून धरलं आणि बेधडक थापा मारायला लागले. बंदराच्या गावातला एक पोरगा, झोपेतसुद्धा लाथा झाडणारा, खेळण्यापुढं जेवण विसरणारा. मग एक मॅच. मग पाय.

दादानं भिंतीकडचं तोंड माझ्याकडं वळवलं.

"ह्ये पुस्तकात न्हाय," तो म्हणाला. "ह्यो मीच हाय की."

माझं तोंड एवढंसं झालं. पुस्तक मिटायला गेले, तर त्यानं मनगट धरलं.

"आता सांग. त्येचा गुडघा वाकला का?"

व्हय म्हणायचं अगदी ओठावर आलं होतं. पण व्हय म्हटलं असतं तर त्यानं माझं पुढं काहीच खरं मानलं नसतं.

"पुरता न्हाय," मी म्हणाले.

"मग खेळला?"

"न्हाय. परत कधीच न्हाय."

माझाच आवाज फाटला. आणि दादा रडला. ऑपरेशननंतर पहिल्यांदा, मोठ्यानं, लहान पोरासारखा हुंदके देत. स्वयंपाकघरात मिक्सर लागला. मी त्याचा हात धरून बसले, मला दुसरं काही येत नव्हतं.

"मग केलं काय त्येनं?" त्यानं विचारलं.

"तिथवर अजून वाचलं न्हाय. वाकव, मग सांगते."

त्यानं बाहीला नाक पुसलं आणि दोन्ही हात मांडीखाली घातले.